लिलावाच्या वेळी न अडणारा भावफलक: गो भाषेत हलक्या कामांचा वेब सर्व्हर

हर्णे असो, मिरकरवाडा असो की मालवण, बंदरावर लिलाव सुरू झाला की सुरमई काय भावाने गेली, बांगड्याची टोपली कितीला सुटली, हे सगळ्यांना एकदमच हवं असतं. धक्क्यावरचा व्यापारी, चिपळूणच्या बाजारात बसलेली विक्रेती, खाडीपलीकडचा खानावळवाला, सगळे त्याच अर्ध्या तासात फोन काढतात. त्यातल्या बऱ्याच जणांना रेंज धड नसते. डोंगराआडच्या वाडीतून निघालेली मागणी अर्धी पोचते, मध्येच थांबते, मग उरलेली येते. एका वेळी एकालाच उत्तर देणाऱ्या सर्व्हरवर असा एक फोन लागला की मागची सगळी रांग खोळंबते.

असा भावफलक दाखवणारा छोटा वेब सर्व्हर गो भाषेत कसा उभा करायचा, ते इथे पायरीपायरीने पाहू. एक गोष्ट आधीच मनात पक्की असू द्या. वेब सर्व्हरचा बहुतेक वेळ काम करण्यात जात नाही, वाट पाहण्यात जातो. गोमधली हलकी कामं, म्हणजे गोरूटीन, ही वाट पाहणं अतिशय स्वस्त करतात. पण प्रत्येक वाट पाहण्याला मुदत घालण्याचं काम भाषा करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. सर्व्हर अडतो तो बहुधा इथेच.

कोडमधली नावं या लेखात देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहायची. पॅकेजचं नाव सगळं लहान अक्षरांत, त्यातल्या फंक्शनचं पहिलं अक्षर मोठं. आपल्या फंक्शनला 'सेवा' असं देवनागरी नाव द्यायचा मोह होईल, पण ते चालणार नाही. नावात गो फक्त अक्षरं आणि अंक स्वीकारतो, आणि युनिकोडच्या हिशेबात काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरं धरली जात नाहीत. स्ट्रिंगच्या आत मात्र देवनागरी खुशाल लिहा.

तयारी

गो १.२२ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. सर्व्हर म्हणून जुना लॅपटॉप किंवा १ जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय पुरतो. एक फोल्डर करून त्यात 'गो मॉड इनिट' ही आज्ञा द्या (मॉड्यूलचं नावही इंग्रजी अक्षरांतच) आणि 'मेन डॉट गो' ही एकच फाइल उघडा. तपासणीसाठी नेटकॅट (नुसती जोडणी उघडून हाताने टाइप करू देणारं) आणि कर्ल (ब्राउझरशिवाय पान मागणारं) ही दोन साधनं हाताशी ठेवा. पायवर गो बसवायची गरज नाही. लॅपटॉपवरच 'गोओएस' ला लिनक्स आणि 'गोआर्क' ला आर्म६४ किंमत देऊन 'गो बिल्ड' केलं की एक फाइल तयार होते. पायवर ६४ बिटांची प्रणाली असेल तर तीच फाइल उचलून तिथे ठेवायची.

आधी अडणारा सर्व्हर बांधा

ही पायरी गाळू नका. अडणं डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं का करायचं ते आपोआप कळतं.

'नेट' पॅकेजमधलं 'लिसन' हे फंक्शन दोन गोष्टी मागतं: जाळ्याचा प्रकार, म्हणजे 'टीसीपी', आणि पत्ता. पत्ता ':८०८०' असा, म्हणजे आधी नुसतं कोलन आणि पुढे पोर्ट (मशीनवरच्या दाराचा क्रमांक), एवढाच द्या. १२७.०.०.१ लिहिलंत तर सर्व्हर फक्त त्याच मशीनवरून उघडेल. मग त्याच वायफायवरचा फोन 'कनेक्शन रिफ्यूज्ड' सांगेल आणि तुम्ही उगाच राउटर तपासत बसाल.

लिसनकडून आलेल्या लिसनरवर कायम चालणारा लूप लावा. सांगाडा असा:

लिसनर उघड, चूक आली तर छापून बाहेर पड
कायम:
  जोडणी = लिसनर.ॲक्सेप्ट
  सेवा(जोडणी)

'सेवा' हे आपलं फंक्शन. ते मागणी वाचतं, उत्तर लिहितं आणि जोडणी बंद करतं. सध्या त्यात रिकामी ओळ येईपर्यंत वाचा आणि स्थितीची ओळ (एचटीटीपी/१.१ २०० ओके), एक रिकामी ओळ आणि ठरावीक मजकूर परत पाठवा. सर्व्हर चालू करा. एका खिडकीत नेटकॅटने लोकलहोस्टच्या, म्हणजे याच मशीनच्या, ८०८० पोर्टला जोडा आणि काहीही टाइप करू नका. दुसऱ्या खिडकीत कर्लने तोच पत्ता मागा. कर्ल लटकून राहील. आता नेटकॅटमध्ये एंटर दाबा, कर्लला त्या क्षणी उत्तर मिळेल. तो गप्प बसलेला नेटकॅट म्हणजेच रेंज नसलेला फोन.

काही वेळा एकट्या ब्राउझरनेही असंच होतं. क्रोम पुढे लागेल म्हणून एखादी जास्तीची जोडणी आधीच उघडून ठेवतो आणि तिच्यावर काही पाठवत नाही. सर्व्हरने नेमकी तीच आधी उचलली की खरी मागणी मागे अडकते.

एक शब्द पुढे लावा

आता लूपमधल्या 'सेवा'च्या आधी 'गो' हा शब्द लिहा. कोडमध्ये एवढाच बदल. नेटकॅटचा प्रयोग पुन्हा करा, कर्लला लगेच उत्तर मिळेल. जंगलजेटीच्या (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीच्या) फाटकावर तिकीट देणारा माणूस प्रत्येक गाडीबरोबर पलीकडे जात नाही, तो फाटकावरच उभा राहून पुढच्या गाडीला तिकीट देतो. ॲक्सेप्टचा लूप आता तसा मोकळा झाला.

आत काय घडतं ते थोडं खोलात पाहू, कारण पुढचे हिशेब यावर आहेत. लिनक्सवर नव्या थ्रेडच्या (कार्यप्रणाली चालवते त्या स्वतंत्र कामाच्या) स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या कामचलाऊ मेमरीसाठी, साधारणपणे ८ एमबी जागा राखली जाते. वापरली जाते त्यापेक्षा खूप कमी, पण थ्रेड बनवणं आणि त्यांची अदलाबदल करणं हे कर्नलचं, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचं, काम आहे, आणि ते महाग पडतं. गोरूटीनचा स्टॅक २ केबीपासून सुरू होतो आणि लागेल तसा वाढतो. गोरूटीन जोडणीवरून वाचायला गेलं आणि डेटा आलेला नसला तर गोची रनटाइम (प्रोग्रामसोबतच चालणारी गोची यंत्रणा) त्याला बाजूला बसवते, ती जोडणी लिनक्सच्या ईपोल यंत्रणेच्या नजरेखाली देते आणि तोच थ्रेड दुसऱ्या कामाला लावते. डेटा आला की बसवलेलं काम उठतं. आपण मात्र 'वाच, मग लिही' असा सरळ कोड लिहितो. कॉलबॅकची ('डेटा आला की हे फंक्शन चालव' असं आधी सांगून ठेवण्याची) गुंतागुंत नाही, आणि गोची मला सर्वांत पटलेली बाजू हीच.

हिशेब करून बघा. गोरूटीनचे २ केबी, वाचण्याच्या बफरचे (तात्पुरत्या साठवणीचे) ४ केबी, लिहिण्याच्या बफरचे ४ केबी, म्हणजे एका जोडणीमागे सुमारे १० केबी. २०० जोडण्यांना २ एमबी लागतात. दहा हजारांनाही १०० एमबीच्या आसपासच. डिस्कवरून फाइल वाचताना मात्र ही सोय नाही, तिथे थ्रेड खरोखरच अडकून पडतो. म्हणून प्रत्येक मागणीला फाइल उघडायची नाही. भाव कसे ठेवायचे ते पुढे येतंच.

या पायरीवर हमखास होणाऱ्या तीन चुका अशा.

जोडणीचं चल लूपच्या बाहेर घोषित करून आत नावाशिवायचं फंक्शन 'गो' ने चालवलं तर सगळी गोरूटीनं त्याच एका चलाकडे पाहतात. मग एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं आणि कुणाची तरी जोडणी उघडीच राहते. जोडणी फंक्शनला अर्ग्युमेंट म्हणून द्या.

कुठल्याही एका गोरूटीनमध्ये पॅनिक (चालू असताना आलेली गंभीर चूक) झालं आणि ते सावरलं नाही तर पूर्ण प्रोग्राम पडतो. एका विचित्र मागणीपायी सगळ्यांचा फलक बंद. म्हणून 'सेवा'च्या सुरुवातीलाच दोन 'डिफर' (फंक्शन संपताना आपोआप चालणारी कामं) लिहा: एक जोडणी बंद करणारा, दुसरा 'रिकव्हर' करून चूक लॉगमध्ये नोंदवणारा. 'रिकव्हर' फक्त स्वतःच्या गोरूटीनपुरतंच चालतं. 'मेन'मध्ये लिहून सगळ्यांना पुरत नाही.

तिसरी चूक ॲक्सेप्टच्या त्रुटीची. उघड्या फाइलींची मर्यादा संपली की ॲक्सेप्ट 'टू मेनी ओपन फाइल्स' अशी त्रुटी देतो. त्यावर प्रोग्राम बंद केलात तर सर्व्हर गेला. नुसतं 'कंटिन्यू' केलंत तर लूप गरगर फिरून प्रोसेसर पूर्ण खातो. त्रुटी आली की ५ मिलिसेकंद थांबा, पुन्हा आली तर दुप्पट, असं वाढवत १ सेकंदापर्यंत न्या.

मागणी वाचणं

ब्राउझर पहिल्या ओळीत पद्धत, वाट आणि आवृत्ती पाठवतो, मग हेडरच्या ओळी, मग एक रिकामी ओळ. प्रत्येक ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन चिन्हं असतात. 'बफआयओ' पॅकेजचा रीडर जोडणीवर चढवा आणि 'रीडस्ट्रिंग' ने ओळीमागून ओळ वाचा. शेवटची दोन चिन्हं छाटा. ओळ रिकामी निघाली की हेडर संपले.

'रीडस्ट्रिंग'ला स्वतःची मर्यादा नाही. कुणी ओळ न संपवता पाठवतच राहिलं तर मेमरी भरत जाते. म्हणून जोडणीवर आधी 'आयओ' पॅकेजचा 'लिमिटरीडर' ८१९२ बाइटांचा लावा आणि त्यावर बफर चढवा. साध्या फलकाला इतके हेडर भरपूर झाले.

उत्तर काय द्यायचं ते पहिल्या ओळीतच कळलं तरी रिकामी ओळ येईपर्यंत वाचत राहा. आलेला पण न वाचलेला डेटा शिल्लक असताना जोडणी बंद केली तर कर्नल समोरच्याला साधा निरोप न देता 'रीसेट' पाठवतो, आणि फोनपर्यंत पोचलेलं उत्तरसुद्धा त्यात फेकलं जाऊ शकतं. पान कधी दिसतं, कधी 'कनेक्शन रीसेट' येतं. त्यामुळे ही चूक शोधायला फार त्रास देते.

उत्तर लिहिणं, आणि देवनागरीचे बाइट

उत्तराचे भाग चार: स्थितीची ओळ (एचटीटीपी १.१, २००, ओके), हेडर, रिकामी ओळ, पान. हेडरांत कंटेंट-टाइप, कंटेंट-लेंग्थ आणि 'कनेक्शन: क्लोज' एवढे द्या. शेवटच्या हेडरने आपण ब्राउझरला सांगतो की एका मागणीनंतर जोडणी बंद होईल. तेवढ्याने कोड निम्मा सोपा होतो.

कंटेंट-लेंग्थ ही बाइटांची संख्या आहे, अक्षरांची नव्हे. 'सुरमई' घ्या. स, उकार, र, म, ई ही पाच चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे १५ बाइट. लांबी ५ लिहिलीत तर ब्राउझर पहिले पाचच बाइट घेतो: 'स' पूर्ण, उकार अर्धा, त्याच्या जागी तुटकं चिन्ह, पुढचं सगळं गायब. गोमधलं 'लेन' स्ट्रिंगचे बाइटच मोजतं, त्यामुळे इथे तेच बरोबर आहे. जावास्क्रिप्टमधून आलेले लोक सवयीने चिन्हं मोजतात आणि फसतात. उलट लांबी जास्त लिहिलीत तर ब्राउझर उरलेल्या बाइटांची वाट पाहत बसतो.

कंटेंट-टाइपमध्ये 'टेक्स्ट/एचटीएमएल' च्या पुढे 'चारसेट=यूटीएफ-८' लिहायला विसरू नका. ते राहिलं तर एका देवनागरी चिन्हाची तीन परकी चिन्हं होतात, आणि प्रत्येक तिघांतलं पहिलं असतं डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए. पानभर तसे ए दिसले की दुसरं काही तपासायची गरज नाही.

मुदत

आता मूळ दुखण्याकडे येऊ. नेटकॅट उघडा, काही टाइप करू नका, जेवून या. परत आल्यावर सर्व्हरच्या प्रोसेसला 'किल'ने क्विट संकेत द्या. गोचा प्रोग्राम सगळ्या गोरूटीनांचा ठावठिकाणा छापून बंद होतो. त्यात अशी एक ओळ सापडेल: 'गोरूटीन १८, आयओ वेट, ४७ मिनिट्स'. ते काम इतका वेळ एका न आलेल्या ओळीसाठी बसून आहे, आणि बसूनच राहिलं असतं. एक असेल तर काही बिघडत नाही, दहा केबी गेले. पण रोजच्या लिलावात पन्नास जमा होत राहिले की कधी ना कधी उघड्या फाइलींची मर्यादा गाठली जाते, आणि त्या दिवशी सर्व्हर 'अचानक' बंद पडतो.

गो लिसनरवर आलेल्या जोडण्यांना टीसीपीची कीप-अलाइव्ह तपासणी आपणहून लावतो, दर १५ सेकंदांनी. घाटात शिरून कायमचा गेलेला फोन त्यातून काही मिनिटांत सुटतो. पण फोन जिवंत आहे आणि नुसता गप्प आहे, तर त्याचा कर्नल त्या तपासणीला नीट उत्तर देत राहतो. त्याला बाहेर काढायचं तर मुदतच हवी.

'सेवा'च्या सुरुवातीला जोडणीवर 'सेट-रीड-डेडलाइन' लावा: आत्ताची वेळ अधिक १० सेकंद. उत्तर लिहिण्याआधी 'सेट-राइट-डेडलाइन': आत्ताची वेळ अधिक २० सेकंद. मुदत संपली की वाचणं-लिहिणं त्रुटी देऊन परततं, 'सेवा' संपते, 'डिफर' जोडणी मिटवतो.

हे फंक्शन 'किती वेळ' मागत नाही, 'कधीपर्यंत' मागतं. एकदा लावलेली वेळ टळून गेली की पुढची प्रत्येक वाचणी लगेच त्रुटी देते. ज्यांनी पुढे कीप-अलाइव्ह जोडण्या हाताळायला घेतल्या त्यांची दुसरी मागणी नेमकी यामुळे मरते. दुसरीकडे, प्रत्येक ओळ वाचल्यावर मुदत पुढे ढकलली तर दर नऊ सेकंदांना एक ओळ पाठवणारा जवळपास हवा तितका वेळ आत राहू शकतो. पूर्ण मागणीसाठी एकच मुदत लावा.

१० सेकंदच का? २ सेकंद ठेवले तर शहरात चालेल, पण इथे वाडीवस्तीवरची माणसं बाहेर फेकली जातील. हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवताना टीसीपी दर खेपेला थांबण्याचा काळ दुप्पट करतं, आणि अशक्त रेंजवर सलग तीन-चार पॅकेटं हरवली की काही सेकंद सहज जातात. ज्यांच्यासाठी फलक आहे त्यांनाच तो दिसला नाही तर सगळी मेहनत वाया. म्हणून मुदत सैल ठेवा, पण ठेवाच.

भाव कुठे ठेवायचे

भाव मॅपमध्ये ठेवून एका गोरूटीनने वाचायचे आणि दुसऱ्याने बदलायचे, असं सरळ केलं तर काही दिवस चालेल आणि मग गर्दीच्या वेळी 'कॉन्करंट मॅप' अशा शब्दांची घातक त्रुटी येऊन प्रोग्राम पडेल. ही त्रुटी 'रिकव्हर'ने सावरत नाही.

मग 'सिंक' पॅकेजचं आरडब्ल्यू-म्यूटेक्स, म्हणजे वाचणाऱ्यांना एकत्र आणि लिहिणाऱ्याला एकटं आत सोडणारं कुलूप, लावलं जातं. ते बरोबर आहे, पण त्यातही खड्डा आहे. वाचण्याचं कुलूप घ्या, भाव वाचून जोडणीवर लिहा, कुलूप सोडा, असं लिहिलं तर संथ फोनला पान पाठवेपर्यंत कुलूप धरलेलं राहतं. तेवढ्यात भाव बदलणारं काम आलं की ते थांबतं. आणि या कुलपाचा नियम असा की लिहिणारा थांबलेला असताना नव्या वाचणाऱ्याला आत घेत नाहीत. एका संथ फोनमुळे भाव बदलत नाही, आणि त्यामागे सगळे वाचक अडतात. गोरूटीन लावून जी रांग आपण मोडली ती कुलपाने पुन्हा उभी केली.

शिवाय ही चूक सुरुवातीला दिसतच नाही. पान २ केबीचं असतं तेव्हा 'राइट' सगळे बाइट कर्नलच्या बफरमध्ये टाकून लगेच परततो, फोन कितीही संथ असो. पुढे कुणीतरी पानातच मासळीचे फोटो घालतं, पान काही एमबीचं होतं, बफर भरतो आणि 'राइट' खरोखर थांबायला लागतो. चूक त्या दिवशी फोटोंची वाटते, असते कुलपाची.

म्हणून नियम असा पाळा: कुलूप हातात असताना जाळ्याची वाट पाहायची नाही. त्यापुढे जाऊन मी तर म्हणेन, फलकासारख्या कामाला कुलूपच नको. भाव बदलला की पूर्ण पान एकदाच बनवा, हेडरसकट बाइटांची तयार पट्टी करा, आणि 'सिंक/ॲटॉमिक' मधल्या 'पॉइंटर'वर 'स्टोअर' करा. 'सेवा' त्यावरून 'लोड' करते आणि ती पट्टी पाठवते. जुनी पट्टी पाठवत असलेल्या गोरूटीनांची ती संपेपर्यंत टिकते, नंतर गोचा कचरावेचक ती उचलतो. अट एकच: तयार झालेल्या पट्टीत नंतर एकही बाइट बदलायचा नाही, दर वेळी नवी बनवायची.

भाव आणायला आणखी एक हलकं काम लावा. 'टाइम' पॅकेजचा 'टिकर' ५ सेकंदांचा; प्रत्येक ठोक्याला भावांच्या फाइलची बदलाची वेळ पाहायची, बदलली असेल तरच वाचायची. एका ओळीत मासळी, एकक, भाव, स्वल्पविरामाने वेगळे: सुरमई, किलो, ६५०. ओळ नीट वाचता आली नाही तर नवं पान बनवू नका, जुनंच राहू द्या आणि ओळीचा क्रमांक लॉगमध्ये लिहा. पान बनवताना 'एचटीएमएल/टेम्प्लेट' वापरा म्हणजे मजकुरातली कोनी चिन्हं पान मोडणार नाहीत.

फाइल लिहिणाऱ्याने दुसऱ्या नावाने लिहून मग 'रीनेम' करावं, नाहीतर अर्धी लिहिलेली फाइल वाचली जाते आणि फलकावर निम्मीच मासळी दिसते. विंडोजवर बॉमसह (यूटीएफ-८ ची खूण म्हणून सुरुवातीला घातलेल्या चिन्हासह) जतन केलेल्या फाइलीच्या तोंडाशी न दिसणारे ३ बाइट असतात, ते छाटा. पहिल्याच मासळीचं नाव शोधात सापडत नसेल तर कारण बहुधा तेच.

किती जणांना आत घ्यायचं

२०० जागांचा बफर असलेला चॅनल (गोरूटीनांमध्ये किंमती देण्या-घेण्याची गोची नळी) करा. ॲक्सेप्टच्या आधी त्यात एक किंमत टाका, 'सेवा' संपताना 'डिफर'ने एक काढा. दोनशे भरले की लूप तिथेच थांबतो आणि पुढचे कर्नलच्या रांगेत उभे राहतात. ॲक्सेप्टने त्रुटी दिली तर घेतलेली जागा परत करायला विसरू नका. विसरलात तर जागा एकेक करून कमी होत शून्यावर येतात.

मुदत न लावता ही मर्यादा लावणं मात्र घातक आहे. दोनशे गप्प फोन आले की दार कायमचं बंद. मुदत असेल तर तेच दोनशे फोन १० सेकंदांत बाहेर पडतात.

नीट बंद करणं

'ओएस/सिग्नल' ने टर्म संकेत (प्रोग्रामला बंद व्हायला सांगणारा) ऐका. आला की लिसनर बंद करा. ॲक्सेप्ट 'नेट.एर-क्लोज्ड' देईल, लूपमधून बाहेर या, आणि 'वेटग्रुप'वर (चालू गोरूटीनं मोजून ती संपेपर्यंत थांबवणाऱ्या मोजणीवर) हातातल्या कामांसाठी जास्तीत जास्त १५ सेकंद थांबा. वेटग्रुपमध्ये 'ॲड' हे 'गो' शब्दाच्या आधी लिहा. गोरूटीनच्या आत लिहिलं तर ते सुरू होण्याआधीच 'वेट' संपू शकतं. 'मेन' परतलं की उरलेली सगळी गोरूटीनं जिथल्या तिथे मरतात, हे ध्यानात ठेवा.

तपासणी

आधी 'गो रन' ला 'रेस' हा पर्याय लावून चालवा. लिनक्सवर त्याला सी कंपायलर लागतो. मेमरी पाच-दहा पट जाते, म्हणून हे लॅपटॉपवर करा. सर्व्हर चालू असताना अपाची बेंच या गर्दी उभी करणाऱ्या साधनाने २००० मागण्या, एका वेळी २००, सोडा आणि त्याच वेळी भावांची फाइल बदलत राहा. कुणी एकच जागा दोन बाजूंनी धरत असेल तर ओळीच्या क्रमांकासह इशारा येतो.

मग दर मिनिटाला 'रनटाइम.नम-गोरूटीन'चा आकडा लॉगमध्ये छापा. गर्दीत तो वर जाईल, गर्दी ओसरल्यावर अर्ध्या मिनिटात पहिल्या चार-पाचांवर आला पाहिजे. दर लिलावानंतर तळ थोडा थोडा वर सरकत असेल तर काम कुठेतरी अडकून राहतंय. क्विट संकेत द्या आणि मिनिटं लिहिलेल्या ओळी वाचा.

रोजच्या वापरासाठी

हे सगळं हाताने बांधलं ते समजण्यासाठी. प्रत्यक्ष धक्क्यावर गोचं 'नेट/एचटीटीपी' पॅकेज वापरा. तुकड्यांत येणारा मजकूर, कीप-अलाइव्ह, हेडरांचे बारकावे त्यात वर्षानुवर्षं घासून नीट झालेले आहेत. त्याच्या आत हाच ॲक्सेप्टचा लूप आहे, प्रत्येक जोडणीला एक गोरूटीन आहे आणि पॅनिक सावरण्याचीही सोय आहे. मुदत मात्र तिथेही आपणहून लागत नाही. 'लिसन-अँड-सर्व्ह' एका ओळीत चालवलं की सगळ्या मुदती शून्य, म्हणजे नाहीत. 'सर्व्हर' हा स्ट्रक्ट स्वतः भरा: रीड-हेडर-टाइमआउट ५ सेकंद, रीड-टाइमआउट १०, राइट-टाइमआउट २०, आयडल-टाइमआउट ६०. बंद करायला त्याचंच 'शटडाउन' वापरा.

मशीनवर सिस्टमडीत (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्रणेत) सर्व्हरची नोंद करा, ती 'एनेबल' करा आणि 'रीस्टार्ट=ऑलवेज' ठेवा. पावसाळ्यात लाइट गेली-आली की सर्व्हर आपला आपण उठला पाहिजे. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, त्यामुळे लाइट आल्यावर जाळं मिळेपर्यंत वेळ मागची दाखवली जाते. गोच्या मुदती घड्याळाच्या उडीने बिघडत नाहीत, कारण त्या आतल्या सरळ पुढे जाणाऱ्या मोजणीवर चालतात. पण फलकावरची 'शेवटचा बदल' ही वेळ चुकेल, आणि व्यापारी त्या वेळेवरच विश्वास ठेवतो. घड्याळ जुळेपर्यंत ती ओळ दाखवूच नका.

सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे धक्क्यावरचा पाय बाहेरगावच्या फोनला दिसणार नाही. धक्क्याच्या वायफायपुरता फलक असेल तर पाय पुरे. चिपळूणपर्यंत दाखवायचा तर हाच प्रोग्राम भाड्याच्या सर्व्हरच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करून तिथे ठेवा आणि धक्क्यावरून फक्त भावांची फाइल वर पाठवा. फाइल पाठवणारा दुवा तुटला तरी फलक शेवटचे भाव दाखवत राहतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मशीन उतरवून पुसणं, कार्ड बदलणं, गोची नवी आवृत्ती घेऊन पुन्हा बिल्ड करणं ही कामं त्या दोन महिन्यांत उरका, आणि १ ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी दोनशे जोडण्यांची तपासणी नेटकॅटच्या दोन गप्प खिडक्या उघड्या ठेवून पुन्हा एकदा करा.